रिकाम्या हाताने, पण देहासकट

तुम्ही तिगावचे. पण आज तारीख आहे ४ सप्टेंबर १८६३, आणि तिगावला अजून आगगाडी ठाऊक नाही. रूळ पडायला साठेक वर्षं जायचीत. म्हणून बैलगाडीने सावनेर, मग नागपूर, मग दक्षिणेला बोरीची वाट, असे मुक्काम करत तुम्ही टाकळघाटला पोचलात. श्रावण वद्यातला शुक्रवार आहे. घरोघरी बायका जिवतीपुढे लेकरांसाठी आयुष्य मागतायत. गोकुळाष्टमी तोंडावर आलीय, पोळा आठवड्यावर. काळी माती अशी भिजलीय की पाय उचलला तर जोडा खालीच राहतो.

माळावर साहेबलोकांची वर्दळ आहे. दोन वर्षांपूर्वी झालेल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल स्वतः आलेत. बघायचं काय, तर दगडांची रिंगणं. मोठाल्या धोंड्यांचे गोल, मध्ये मातीचा उंचवटा, आणि एक-दोन ठिकाणी तो उकरलेला. गावकरी म्हणतात, ही गवळी राजांच्या काळातली. उकरलेल्या खड्ड्याशी वाकून एक पाद्री गंजलेलं लोखंड निरखतोय. हा स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचा, फ्री चर्चचा. १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरात आला, पुढच्या वर्षी शाळा काढली, आणि अठरा वर्षं इथेच राहिला. चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस पुरी होतील.

पाद्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातात पुस्तक येतं. याच्या हातात बहुतेक वेळा हातोडा असतो. नागपूरजवळच्या टाकळीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेली गोड्या पाण्यातली शिंपलं, फळं, बिया यानेच शोधल्या. लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिले. हिस्लोपाइट हे खनिज याच्या नावाचं. दगड झालेलं बी तळहातावर घेऊन बघणारा हा माणूस रविवारी उभा राहून सांगतो की मेलेला देह मातीत पेरलेल्या दाण्यासारखा आहे, तो उगवणार. उपमा त्याची नव्हे, पौलाची, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातली. दोन्ही बियांचा मेळ तो मनात कसा घालत असेल, हे त्याला विचारायची संधी तुम्हाला आत्ता आहे. संध्याकाळनंतर नसेल.

आधी जरा खाली उतरा. या रिंगणात, अडीच हजार वर्षं मागे.

माळ तोच, दगड मात्र नुकते ओढून आणलेले. बैल जुंपून, दोर लावून माणसं शेवटचा धोंडा जागेवर आणतायत. मध्ये खळगा. त्यात कुणा मोठ्या माणसाची हाडं, सगळी नाहीत, थोडीच. भोवती काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाड, खंजीर. एक जण पुढे होतो आणि घोड्याच्या तोंडात घालायचं कडियाळं हळूच खाली ठेवतो. मग माती. पुढे १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव टाकळघाट-खापा परिसरात पद्धतशीर उत्खनन करतील, तेव्हा अशीच शस्त्रं, अशीच भांडी, घोड्यांचं असंच सामान हाती लागेल. ते सारं ख्रिस्तापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं.

या माणसांची भाषा तुम्हाला कळत नाही. त्यांचे देव कोणते, तेही नाही. पण खळग्यात काय ठेवलंय ते पाहून एवढं नक्की म्हणता येतं: मेलेला संपला असं त्यांना वाटत नाही. तो निघालाय. जिथे निघालाय तिथे कुऱ्हाड लागेल, भांडं लागेल, घोडा आवरावा लागेल. म्हणजे तिकडचं जग इकडच्यासारखंच, थोडं लांब. आणि इथे जो मोठा तो तिथेही मोठाच, कारण ज्याला साधं मडकं परवडत नाही त्याच्यासाठी एवढे धोंडे कोण ओढणार?

वर या. दिवस कलायला लागलाय.

टेंपल आणि बाकीचे पुढे निघून गेलेत. हिस्लॉप मागून एकटा येतोय. वाटेतला ओढा सकाळी घोट्याएवढा होता, आता वरच्या पावसाने फुगलाय. वद्य सप्तमीच्या सुमाराची रात्र, चंद्र उगवायचा तो मध्यरात्रीकडे. तुम्ही मुक्कामावर पोचता आणि थोड्या वेळाने अंधारातून टापांचा आवाज येतो. घोडा येतो, पाठीवर कुणी नाही, खोगीर ओलंचिंब. एक मोतद्दार म्हणतो, "घोडं एकलंच आलं, बाप्पा." मग मशाली, हाका, काठाकाठाने पळापळ. पाण्यातून देह निघतो तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं.

नागपुरात त्याला पुरतात, तिथे गर्दीच्या कडेला उभे राहा. जवळ गेलात तरी हरकत नाही, त्याचे विद्यार्थीही आलेत, त्यांतले बरेचसे हिंदूच. पेटीकडे बघा. आत्ताच टाकळघाटला कडियाळं ठेवताना तुम्ही पाहिलंत. इथे हातोडा ठेवत नाहीत. शिंपलं नाही, पुस्तक नाही, नाणं नाही. पांढऱ्या कपड्यात एक देह आणि रिकामे हात. पाय पूर्वेकडे करायची जुनी चाल आहे: उठेल तेव्हा तोंड उगवतीला असावं म्हणून.

तुमच्या शेजारचा जानवंवाला गृहस्थ कुजबुजतो, "यांचं तेरावं कोण करणार? मुलगा तर लहान असेल." कोणीच करणार नाही. पिंड नाही, दहावा नाही, वर्षश्राद्ध नाही. फ्री चर्चच्या माणसांत मेलेल्यासाठी प्रार्थनासुद्धा करत नाहीत. त्यांच्या शिकवणीप्रमाणे विश्वासणाऱ्याचा आत्मा तत्क्षणी ख्रिस्ताजवळ जातो. त्याला पोचवण्यासाठी मागच्यांनी करण्यासारखं काही उरत नाही. गोव्याचे आणि वसईचे कॅथलिक याला मान डोलावणार नाहीत. ते म्हणतील, स्वर्गाआधी शुद्ध होणं आहे, त्यासाठी मिस्सा आहे, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती आहे. आपल्याला ते जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात मागे राहिलेल्यांच्या हाताला काम आहे. स्कॉटिश पद्धतीत दुःखाला हात बांधून उभं राहावं लागतं. हे सोपं नाही, आणि ते सोपं असल्याचं कुणी दाखवू नये.

पण खरी गंमत पुढे आहे. आत्मा ख्रिस्ताजवळ पोचला, मग झालंच की सगळं? आपल्याकडे एवढ्यावर थांबता येतं. देह म्हणजे जुनं वस्त्र, टाकलं, सुटला. हिस्लॉपच्या धर्माला तेवढं पुरत नाही. ख्रिस्ती मंडळी जो मतांगीकार मानतात त्याच्या शेवटी शरीराच्या पुनरुत्थानावर आणि सार्वकालिक जीवनावर विश्वास सांगितलेला आहे. शरीराच्या, नुसत्या आत्म्याच्या नव्हे. लहान मुलांना पाठ करायला लावायच्या स्कॉटिश प्रश्नोत्तरीत तर म्हटलंय की कबरीत पडलेले देहही ख्रिस्ताशी जोडलेलेच असतात आणि त्या दिवसापर्यंत तिथे विसावा घेतात. म्हणजे ओढ्याने ज्याचा श्वास काढून घेतला तोच देह, बदललेला, न कुजणारा, पण तोच, उठायचा आहे. इथलं काही बरोबर न्यायचं नाही, आणि देह मात्र सोडायचा नाही. रिंगणातल्या माणसांचं नेमकं याच्या उलट होतं.

मला विचाराल तर ख्रिस्ती आशेतली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणी गोष्ट हीच. ढगांवर वीणा घेऊन बसलेले देवदूत ही चित्रकारांची सोय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, अखेरीस माणसं वर जातच नाहीत; नगर खाली येतं. त्या नगरात मंदिर नाही, सूर्याची गरज नाही, देव माणसांत वस्तीला आलाय आणि रडणाऱ्यांचे डोळे स्वतः पुसतोय. डोळे पुसायचे तर डोळे हवेत. भेटायचं तर चेहरा हवा. म्हणून देह.

नागपूर सोडायच्या आधी हिस्लॉपच्या टेबलाशी जा. कागदांचे गठ्ठे पडलेत: गोंडी शब्दांच्या याद्या, जमातींची टिपणं, आणि गोंडांचे भाट असलेल्या परधानांपैकी एकाने सांगितलेली, गोंडांच्या लिंगो या वीराची कथा, हिस्लॉपच्या हाताने उतरवलेली. टेंपल हे कागद नेतील आणि १८६६ साली छापतील. चाळून पाहा. लिंगोला त्याचेच भाऊ मारतात. देवाला कळतं. शोधाला कावळा जातो, अमृत शिंपडलं जातं आणि मेलेला लिंगो उठून बसतो. पिंडाला शिवणारा कावळा आपण ओळखतो. हा कावळा उठवणाऱ्यांच्या बाजूचा. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला हे गोंडांना सांगायला निघालेला माणूस आधी गोंडांकडून उठलेल्या माणसाची गोष्ट ऐकून घेत होता. ती त्याने चूक म्हणून खोडली नाही, नीट लिहून ठेवली. एवढ्यासाठी मी त्याला दोन मार्क जास्त देतो.

या आशेला मराठी त्याच्याआधीच मिळाली होती. वाटेत एक चक्कर राशोलला, साष्टीत, १६१६. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि इथलाच झाला. त्याचं क्रिस्तपुराण इथे छापून निघतंय, रोमन अक्षरांत, अकरा हजारांच्या घरात ओव्या. रविवारी मिस्सानंतर देवळात ते वाचतात. वाचणारा ओवीच्या चालीवर ठेका धरतो आणि बाया नकळत माना हलवतात. ख्रिस्ताच्या उठण्याची कथा त्यांना लॅटिनमधून कळली नसती. ही पहिली छपाई पुढे अशी नाहीशी होईल की तिची एक प्रत हाती लागणार नाही. निघा.

१८९७. मध्य प्रांतात दुष्काळ आहे, आणि तुम्ही परत आपल्याच मुलखात आहात. छावणीत पेजेची रांग. पुढच्या पोराच्या पाठीच्या कण्याचे मणी मोजता येतात. त्या गर्दीत एक ठेंगणी बाई फिरतेय, पांढरं लुगडं, कापलेले केस, तपकिरी-करडे डोळे. पंडिता रमाबाई. पुण्याहून आलीय. अनाथ मुली आणि विधवा निवडून बरोबर न्यायला; या फेऱ्यांत ती तीनशेच्या आसपास जणींना नेईल.

तिला हे दृश्य नवं नाही. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यात तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण भुकेने आणि आजाराने एकामागून एक गेले. त्याआधी वडिलांनी सगळ्यांसह जलसमाधीचा विचार केला होता. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला, नवरा बिपिनबिहारी १८८२ मध्ये पटकीने. तिचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. एवढी माणसं एवढ्या लवकर गमावलेल्या बाईला स्वर्गाची गरज वाटली यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. थांबा. तिने स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे. ती शास्त्रं कोळून प्यालेली आहे, आणि तिच्या वाचनात सगळ्या शास्त्रकारांचं एका गोष्टीवर एकमत आहे: बाई पुरुषासारखी मोक्षाला लायक नाही, तिने नवऱ्यालाच देव मानावं, त्यातून काय मिळेल ते. शूद्रालाही दार बंदच. म्हणजे इथे जी उतरंड, तीच तिथे. ख्रिस्ताच्या गोष्टीत तिला शोमरोनी बाई भेटली आणि दाराशी कुणी जात-लिंग विचारत नाही असं दिसलं. तिच्यासाठी सांत्वनाआधी न्याय आला.

रांगेत तुमच्या मागे कुणीतरी म्हणतंय, "पेज देऊन बाटवतात." हा आरोप रमाबाईंवर आयुष्यभर होत राहील. तो हवेतला नव्हता: दुष्काळात हजारो अनाथ मुलं मिशनांत गेली आणि ख्रिस्ती झाली, त्यांना कुणी मत विचारलं असेल असं म्हणवत नाही. पण रांगेतल्या त्या पोरीला न्यायला आरोप करणाऱ्यांपैकी कोण आलं होतं, हा प्रश्नही त्याच जागेवर उभा आहे. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले. त्यांचंच पुढे मुक्ती मिशन झालं. शेत, विहिरी, माग, शाळा, छापखाना. मेल्यावरच्या आशेने माणूस जिवंतपणी हात बांधून बसतो, या समजाला केडगाव हे चांगलं उत्तर आहे. तिथे बसायला वेळच नव्हता.

मधलं एक ठिकाण टाळू नका. मे १९१९, मुंबई. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ तारखेला गेले. हेच टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता, आणि तिथून ते ख्रिस्ताच्या वाटेला लागले. तुम्ही कबर शोधताय, पण चिता रचलेली आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन होतंय, अस्थी अहमदनगरला जातील. जमलेल्यांत एक वयस्कर पंच अस्वस्थ आहे: जाळलेला देह उठणार कसा? त्याला हिस्लॉपचा ओढा आठवून द्या. समुद्रात बुडालेले, वणव्यात गेलेले, जनावरांनी खाल्लेले, या सगळ्यांचा हिशेब ज्याला ठेवायचाय त्याला मूठभर राखेची काय अडचण? चाल हिंदू आणि आशा ख्रिस्ती, असं टिळकांच्या मरणाकडे बघता येतं. मला ते उलटंही वाचता येतं: देह उठणार यावर ज्याचा इतका पक्का भरवसा, तोच देह निर्धास्तपणे आगीला देऊ शकतो.

आता केडगाव, १९२२ चा मार्च. उकाडा सुरू झालाय. छापखान्यात शाईचा आणि गरम धातूचा वास. मुली खिळे जुळवतायत. बोटं काळी, नजर खिळ्यांच्या खणांवर न जाता आपोआप अक्षर उचलणारी. मागच्या जुलैत, २४ तारखेला, रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा मिरजेत गेली. ज्या मुलीवर सगळा कारभार सोपवायचा होता ती आधी गेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल साध्या मराठीत आणतायत, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं. काम संपत आलंय, शरीरही. दहा दिवस मागून घेतले आणि शेवटची मुद्रितं तपासून झाल्यावर त्या गेल्या, अशी आठवण मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२. वय त्रेसष्ट. छापलेलं बायबल १९२४ मध्ये बाहेर येईल.

पण आज अजून मार्च आहे आणि त्या टेबलाशी बसल्यात. कान मंद झालेत, म्हणून प्रश्न पाटीवर लिहा. टाकळघाटपासून तो तुमच्या मनात आहे. तिथल्या रिंगणात कडियाळं घेऊन निजलेल्या माणसाने ख्रिस्ताचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. लिंगोची कथा सांगणाऱ्या परधानाला ते मानायचंच नसेल. सगळे देह उठतील, पण सगळे त्या नगरात जातील का? काठावर मशाल घेऊन हिस्लॉपला शोधणारे हिंदू नोकर? हिस्लॉपच्या चर्चचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते कठोर होतं. तारण ख्रिस्तावरच्या विश्वासाने. पुढचं देवाच्या निवडीवर. त्याने ज्या लोकांत अठरा वर्षं काढली त्यांतले बहुतेक त्या उत्तराच्या बाहेर राहतात, आणि सकाळी उठून त्याच लोकांच्या शाळेत जायचं. म्हणूनच तो इतका धावत होता, असं म्हणता येईल. देहासकट भेट म्हटलं की भेटणार कोण, हा प्रश्न येतोच. नुसता आत्मा परब्रह्मात विरणार असता तर तो प्रश्नच आला नसता.

रमाबाईंसाठी हा प्रश्न पोथीतला नाही, घरातला आहे. मनोरमेची भेट होईल, याबद्दल त्यांना शंका नाही. वडिलांचं काय? अनंतशास्त्री विष्णूचं नाव घेत गेले. पाटीवर त्या काय लिहितील ते आपण त्यांच्या तोंडी घालायला नको. १९०७ साली छापलेल्या त्यांच्या साक्षीत त्याबद्दल मजकूर आहे, तो उघडा. मरायला टेकलेल्या बापाने सगळ्यात धाकट्या लेकीला छातीशी धरलं, तिला देवाच्या हाती सोपवलं, देवाची सेवा कर म्हणून सांगितलं, हे त्या लिहितात. आणि पुढे जे म्हणतात त्याचा आशय असा: त्यांना खरा देव ठाऊक नव्हता, पण त्या अज्ञात देवाची सेवा त्यांनी सगळं मन लावून केली. अज्ञात देव हा शब्दप्रयोग पौलाच्या अथेन्समधल्या भाषणातला आहे, आणि रमाबाईंनी तो जाणून वापरलाय. बाप आत आहे असं त्या म्हणत नाहीत. बाहेर आहे असंही म्हणत नाहीत. तोवर आपल्या श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी भल्याभल्या बिशपांना अडवलं होतं, पंडितांना गप्प केलं होतं. शब्द सापडत नाही म्हणून वाक्य अर्धं सोडणारी ही बाई नव्हे.

त्या मान वर करतात, पाटी पुसतात, आणि पुढचं मुद्रित मागतात.